‘आगिल्ल’ आणि ‘गोत्तिल्ल’

माझ्या वडिलांना कन्नड वाचता येत नसे, बोलता मात्र झकास येई. मला वाचता येत होते, कारण शाळेत तो विषय होता. त्यामुळे जमिनीच्या एका उताऱ्यासाठी कचेरीत चकरा मारण्याचे काम, वयाच्या बाराव्या वर्षीच, माझ्याकडे आले. शाळा सुटली की वाट वाकडी करून जायचे आणि खिडकीशी उभे राहून विचारायचे, झाले का म्हणून. खिडकीपलीकडचे गृहस्थ वहीतून मान वर न करता सांगायचे, “इन्नू आगिल्ल.” अजून झाले नाही. मी घरी येऊन तोच निरोप मराठीत सांगायचो आणि वडील म्हणायचे, “होईल. सरकारी काम आहे.”

असे पाच महिने गेले. एक दिवस ते गृहस्थ रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक वयस्कर कारकून बसले होते. त्यांनी माझा कागद घेतला, एक वही चाळली, मग दुसरी चाळली, उठून कपाट उघडून पाहिले आणि परत येऊन म्हणाले, “गोत्तिल्ल, तम्मा.” माहीत नाही रे बाळा. तुझा अर्ज मला कुठे दिसत नाही.

मला वाटले, घरी आता वडील भडकणार. पण ते भडकले नाहीत. ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला, की आमचा अर्ज त्या कचेरीत कधी पोचलाच नव्हता. दुसरा अर्ज केला, आणि पंधरा दिवसांत उतारा हातात आला. पाच महिन्यांच्या ‘आगिल्ल’ने जे केले नाही, ते एका ‘गोत्तिल्ल’ने केले.

‘झाले नाही’ आणि ‘माहीत नाही’. ऐकायला किती जवळचे शब्द! कन्नडमध्ये तर यमकच जुळते. पण या दोन शब्दांतले अंतर किती मोठे आहे हे मला त्या वयात कळले नाही. ते कळायला पुढे चाळीस वर्षे आणि माझ्या हातून घडलेली एक चूक लागली. ती चूक संगणकाच्या एका प्रोग्रॅमातली होती. तिची हकीकत सांगण्याइतकी ती मोठी आहे का, हे वाचकांनी ठरवावे.

*

मोठे गणित करणारा संगणक कोणा एकाचा नसतो. तो गावच्या विहिरीसारखा. पाणी सगळ्यांना हवे, रहाट एकच. म्हणून संगणक आला तेव्हापासून त्याच्यासमोर रांग आली. १९६३ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.त आय.बी.एम. १६२० आला, १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. ३६०० आला. त्या पिढीतले लोक भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचे आणि आपली पाळी येऊन छापील कागद बाहेर पडेपर्यंत वाट पाहायचे. पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ बांधला. यंत्रे हजारो पटींनी वेगवान झाली, पण रांग हटली नाही. कारण यंत्र वाढले की माणसाचे गणितही वाढते.

फरक इतकाच, की खिडकीमागच्या माणसाची जागा आता एका प्रोग्रॅमने घेतली आहे. अशा प्रोग्रॅमांपैकी जगभर फार वापरला जाणारा एक म्हणजे ‘स्लर्म’. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत या शतकाच्या सुरुवातीला तो जन्मला. तुम्ही त्याला काम द्यायचे, तो तुम्हाला एक क्रमांक देतो. कोणाला कोणते यंत्र, किती वेळ, किती स्मरणशक्ती द्यायची हे तो ठरवतो. केव्हाही विचारा, तो तुमच्या कामाची स्थिती सांगतो: थांबलेले, चालू, पूर्ण, अयशस्वी, रद्द, वेळ संपल्यामुळे बंद, स्मरणशक्ती अपुरी पडल्यामुळे बंद, यंत्रच बिघडल्यामुळे बंद. थांबलेल्या कामापुढे तो कारणही लिहितो. तुमच्यापुढे दुसरे आहेत. यंत्र मोकळे नाही. आधीचे एक काम संपायची वाट आहे.

एका महाविद्यालयात मी संगणक शिकवत होतो. तिथे अशी काही यंत्रे एकत्र जोडून ठेवली होती आणि त्यांवर स्लर्म होता. विद्यार्थ्यांना त्याची आज्ञावली अवघड जाई, म्हणून मी पायथन भाषेत एक छोटी लायब्ररी लिहिली. इथे लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे. एकाने एकदा लिहून ठेवायच्या आणि दहा जणांनी आपापल्या प्रोग्रॅमात वापरायच्या ओळींचा संच, त्याला हे नाव आहे. माझ्या लायब्ररीने काम रांगेत घालायचे, दर दहा मिनिटांनी स्लर्मला स्थिती विचारायची आणि ती साध्या मराठीत पडद्यावर दाखवायची, एवढेच. ‘रांगेत’, ‘चालू’, ‘पूर्ण’, ‘अयशस्वी’. चार शब्द. मला ते पुरेसे वाटले होते. खरे सांगायचे तर मला त्या सुटसुटीतपणाचा अभिमान होता.

एक अडचण होती. कधी कधी स्लर्म इतका कामात असे, की विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच येत नसे. मग पडद्यावर स्थितीची जागा कोरी दिसे, आणि विद्यार्थी घाबरून माझ्या खोलीकडे धावत. हा त्रास वाचवण्यासाठी मी एक ओळ लिहिली: उत्तर आले नाही, तर आधी जी स्थिती होती तीच दाखवत राहावी. लिहिताना मला वाटले, आपण मुलांची काळजी घेतो आहोत.

*

खानापूर तालुक्यातली एक मुलगी एम.टेक.ला होती. पावसाचे पाणी नदीत कसे उतरते याचे गणित ती मांडत होती, आणि प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. शेवटचे मोठे काम तिने रांगेत घातले. पडद्यावर आले, ‘रांगेत’. दुसऱ्या दिवशी ‘रांगेत’. चौथ्या दिवशी ‘रांगेत’. ती रोज सकाळी पाहायची आणि वसतिगृहावर परत जायची. इतरांचीही कामे आहेत, आपली पाळी येईल, असे तिला वाटत होते. नऊ दिवस ती थांबली.

काय झाले होते ते नंतर नोंदी काढून पाहिले तेव्हा कळले. पहिल्याच रात्री, माझ्या लायब्ररीच्या दोन विचारण्यांच्या मधल्या दहा मिनिटांत, तिचे काम सुरू झाले होते. मागितलेली स्मरणशक्ती अपुरी पडली, आणि तीन मिनिटांत ते बंद पडले. संपलेल्या कामाची नोंद स्लर्म आपल्या ताज्या यादीत, मुद्दाम बदल केला नसेल तर, ३०० सेकंद ठेवतो. मग ती तिथून जाते आणि जुन्या दप्तरात शोधावी लागते. माझी लायब्ररी त्या दप्तरात पाहतच नव्हती. तिने ताज्या यादीला विचारले, यादीत तो क्रमांक नव्हता, म्हणजे तिच्या लेखी उत्तर आले नाही. आणि उत्तर आले नाही की आधीची स्थिती दाखवायची, हा तर माझाच नियम! मेलेल्या कामाच्या नावापुढे ती नऊ दिवस ‘रांगेत’ लिहीत राहिली.

प्रबंध अर्धवट आकड्यांवर द्यावा लागला. परीक्षकांनी तो परत पाठवला आणि तोंडी परीक्षा सहा महिने पुढे गेली. ठरलेली नोकरी तिला त्या पदवीवर मिळणार होती. ती नोकरी काही सहा महिने थांबली नाही. मी तिची क्षमा मागितली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “सर, ‘रांगेत’ म्हणूनच दाखवत होतं की. ‘माहीत नाही’ असं दाखवलं असतं, तर मी तुम्हाला विचारायला आले असते.”

त्या रात्री मला खिडकीमागचे ते गृहस्थ आठवले. आयुष्यभर मी त्यांना आळशी समजत आलो होतो. आता त्यांच्या खुर्चीवर मीच बसलेला होतो.

*

आपल्या जुन्या तर्कशास्त्राने ‘नसणे’ या गोष्टीचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले. घडा घडण्यापूर्वी मातीत नसतो, तो प्रागभाव. घडा फुटल्यावर नसतो, तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रूप कधीच नसते, तो अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, हा अन्योन्याभाव. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे थोडक्यात मांडलेले आहे आणि संस्कृत पाठशाळांतून पोरेसोरे ते पाठ करीत आली आहेत. मीही लहानपणी ऐकले होते आणि मनात म्हटले होते, नाही म्हणजे नाही, त्यात चार प्रकार कशाला?

त्या मुलीच्या प्रकरणानंतर ते पुस्तक पुन्हा काढले. प्रागभावाला सुरुवात नसते, पण शेवट असतो. घडा झाला की तो संपतो. प्रध्वंसाला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला घडा पुन्हा तोच होत नाही. दोन्ही वेळी समोर घडा नाहीच. पण पहिल्या ‘नाही’समोर बसून वाट पाहण्यात अर्थ आहे, दुसऱ्यासमोर नाही. शास्त्रकारांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. ‘होईल’ असे आपण जे म्हणतो, ते या प्रागभावाच्या जोरावर म्हणतो.

माझ्या ‘रांगेत’ या शब्दाचे खरे वजन मला इथे कळले. मी समजत होतो, तो नुसता एक शेरा आहे. पण त्या एका शब्दात दोन विधाने दडलेली असतात: अजून झाले नाही, आणि होणार आहे. पहिले विधान माहितीचे, दुसरे आश्वासनाचे. जो कोणी दुसऱ्याच्या कामापुढे ‘रांगेत’ लिहितो, तो आश्वासन देतो, त्याच्या ते ध्यानात असो वा नसो.

कोणी म्हणेल, भविष्याचे आश्वासन कोण देऊ शकतो? खरोखर रांगेत असलेले कामही वीज गेली तर बुडेल. बरोबर आहे. पण रांगेतला माणूस फळाची हमी मागत नाही. तो इतकेच समजतो, की आपण कोणाच्या तरी हिशेबात आहोत. आपल्या रेल्वेने ही गोष्ट फार चांगली ओळखली आहे. तिकीट पक्के नसेल तर ते ‘प्रतीक्षा यादी’त असते किंवा ‘आर.ए.सी.’ असते. आर.ए.सी. म्हणजे झोपायला पूर्ण बर्थ मिळेल असे नाही, पण गाडीत चढता येईल आणि बसायला जागा मिळेल. दोघेही थांबलेलेच, पण एकाचे थांबणे वेगळे आणि दुसऱ्याचे वेगळे. दोघांपुढेही नुसते ‘वाट पाहा’ असे लिहिले असते, तर ते खोटे ठरले नसते, पण बॅग भरावी की नाही हे कोणालाच कळले नसते.

स्लर्ममध्येही एक चमत्कारिक अवस्था आहे. समजा, तुमचे दुसरे काम पहिले यशस्वी झाल्यावरच सुरू व्हायचे आहे आणि पहिले अयशस्वी झाले. आता दुसऱ्याची अट कधीच पुरी होणार नाही. तरीही, व्यवस्थापकाने वेगळी सूचना दिलेली नसेल, तर ते काम रांगेतच राहते. स्थिती ‘थांबलेले’, कारणाच्या रकान्यात ‘अट कधीच पुरी होणार नाही’. यंत्राचा प्रामाणिकपणा पाहा! शब्द चुकीचा पडला, पण शेजारी खरे लिहून ठेवले. माझ्या लायब्ररीने काय केले होते? तो शेजारचा रकाना दाखवलाच नव्हता. जागा वाचावी म्हणून.

*

पण खरा घोटाळा याच्याही खालच्या थरावर होता. मला काम दिसले नाही, आणि त्या न दिसण्याचा मी सोयीचा अर्थ लावला.

‘घडा नाही’ हे आपल्याला कळते कसे? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धीने, म्हणजे न दिसण्याने. त्यांनी न दिसण्याला ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानले. मात्र एक कडक अट घातली. न दिसणे ‘योग्य’ असले पाहिजे. दिवा लागलेला आहे, डोळे शाबूत आहेत, जमीन समोर आहे, घडा असता तर दिसलाच असता, अशा वेळी दिसला नाही, तरच ‘नाही’ म्हणायचा अधिकार. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असे ठरत नाही. आहे असेही ठरत नाही. फक्त एवढे ठरते, की दिवा लावला पाहिजे.

माझ्या लायब्ररीने अंधारात पाहिले, काही दिसले नाही, आणि काल दिसले होते तेच आजही आहे असे सांगितले. या चुकीत मी एकटा नाही, हे मला पुढे समजले. पायथनमध्येच कामे रांगेत घालण्यासाठी ‘सेलरी’ नावाची एक प्रसिद्ध व्यवस्था आहे. तिच्यात ‘प्रलंबित’ या स्थितीचा अर्थ तिच्या कर्त्यांनी उघडपणे लिहून ठेवला आहे: काम वाट पाहत आहे, किंवा त्याच्याबद्दल काही माहीत नाही. मनाला येईल तो खोटा क्रमांक टाकून विचारा, उत्तर येईल ‘प्रलंबित’. तांत्रिक कारण सरळ आहे. काम पाठवताना त्याची वेगळी नोंद केली नाही तर वेग वाढतो. आणि त्यांनी लपवले तर काहीच नाही. पण वापरणारा माहितीपत्रक वाचत नाही, शब्द वाचतो. कधी अस्तित्वातच नसलेल्या कामाची, म्हणजे अत्यंताभावाची, वाट पाहत कोणीतरी बसलेले असू शकते.

‘झाले’ या शब्दाचीही हीच गत. पायथनच्या २०११ पासूनच्या एका मूळ लायब्ररीत पुढे व्हायच्या कामाला ‘फ्यूचर’ असे नाव आहे, आणि ते झाले का असे तिला विचारता येते. काम यशस्वी झाले असले तरी उत्तर ‘हो’, मध्येच चूक होऊन थांबले असले तरी ‘हो’, सुरू होण्यापूर्वी रद्द केले असले तरी ‘हो’. तर्काने ते चुकीचे नाही; आता वाट पाहू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आपल्या मराठीला हे नवीन नाही. निकाल लागला, म्हणजे मुलगा पास झाला की त्याचा निकाल लागला, हे सांगणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचे. यंत्राला सूर नसतो. म्हणून त्याच्यासाठी शब्द निवडणाऱ्याची जबाबदारी वाढते.

*

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती मी स्वतः अनुभवली आहे. ‘माहीत नाही’ हे खरे असले तरी ते सोसायचे कसे?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि या भागात घरटी नाही तरी गल्लीगणिक सैनिक आहेत. माझ्या आजोळच्या गल्लीत एक काकू होत्या. त्यांचे यजमान युद्धात ‘बेपत्ता’ झाले, असे पत्र आले होते. ठार नव्हे, कैदी नव्हे, बेपत्ता. सैन्याने जेवढे माहीत होते तेवढेच लिहिले होते आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण त्या एका शब्दाने काकूंना ना कुंकू पुसू दिले, ना लावताना आरशात पाहू दिले. माझी आजी म्हणायची, “त्यापेक्षा काहीतरी एक सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” काहीतरी एक! सत्य नसले तरी चालेल, पण एक. माणसाच्या मनाची ही भूक खोटी कशी म्हणावी?

कायद्याने या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे आणि ते मला फार शहाणपणाचे वाटते. १८७२ च्या पुरावा कायद्यात असे होते, आणि २०२४ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही तेच आहे, की ज्या माणसाबद्दल, एरवी ज्यांना त्याची खबर लागली असती अशा माणसांनी सात वर्षे काही ऐकलेले नाही, तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचे. कायदा तो मेला असे म्हणत नाही. तो ‘माहीत नाही’ला मुदत घालतो. अमुक दिवसांनंतर आपण अमुक गृहीत धरून पुढे चालू, आणि उद्या तो दारात उभा राहिला तर गृहीत मागे घेऊ. आणि ‘ज्यांना खबर लागली असती अशा माणसांनी’, हे शब्द नीट पाहिले तर ती मीमांसकांची दिव्याचीच अट आहे.

म्हणजे ‘माहीत नाही’ एवढेच म्हणून हात झटकता येत नाहीत. शेवटचे केव्हा माहीत होते, ते सांगावे लागते. कुठे कुठे पाहिले, ते सांगावे लागते. आणि किती दिवसांनी काय समजायचे, तेही सांगावे लागते. असे ‘माहीत नाही’ सोसता येते, कारण त्याला काठ असतो.

आपण सीमाभागातल्या माणसांना हे वेगळे समजावून द्यायला नको. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. वीस वर्षे उलटून गेली, आणि चौकशी करणाऱ्याला ‘प्रलंबित’ हाच शब्द मिळत आला आहे. दाव्यात कोणाची बाजू खरी, हा इथला विषय नाही. पण प्रलंबित या शब्दाच्या सावलीत एक पिढी म्हातारी होते, पोरे दोन भाषांत शाळा शिकून मोठी होतात, आणि काही तरी व्हायचे आहे या भावनेने आज करायची कामे उद्यावर पडतात, हे दोन्ही भाषांच्या घरांनी पाहिले आहे. वाट पाहणे हेही एक काम आहे. त्यात माणसाचे आयुष्य खर्ची पडते, आणि तो खर्च शेरा लिहिणाऱ्याच्या खात्यावर कधी पडत नाही.

*

सगळे मनात घोळवून मी एका निष्कर्षाला आलो आहे. तो काही मोठा नाही. ‘थांबा’ या शब्दाची सोय बहुतेक वेळा सांगणाऱ्याला असते आणि किंमत थांबणारा देतो. मी ती ओळ लिहिली तेव्हा मला वाटले होते, मुले घाबरू नयेत म्हणून मी ती लिहितो आहे. नीट आठवले तर मला माझ्या खोलीचे दार वाजायला नको होते. दया आणि आळस यांचे कपडे पुष्कळदा एकाच शिंप्याने शिवलेले असतात. अंगावर घालणाऱ्यालाही फरक कळत नाही. युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी उच्चारलेले शब्द तपासले तर खोटे नव्हते. ऐकणाऱ्याच्या मनात जे उमटले ते खोटे होते, आणि ते तसे उमटावे अशी सोय शब्दांत होती. माझा ‘रांगेत’ त्याच्याही खालचा. युधिष्ठिराला खरे काय ते निदान माहीत होते.

लायब्ररी मी पुन्हा लिहिली. आता तिच्यात चार शब्दांऐवजी नऊ शब्द आहेत, आणि त्यांतला एक ‘माहीत नाही’ असा आहे. स्थितीबरोबर ती शेवटची खात्री कधी झाली तो दिवस आणि वेळ दाखवते. थांबलेल्या कामापुढे कारणाचा रकाना असतो. ताज्या यादीत क्रमांक नसेल तर ती जुन्या दप्तरात पाहते. तिथेही नसेल आणि एक तास उलटला तर ती स्पष्ट लिहिते: काम सापडत नाही, पुन्हा पाठवावे किंवा विचारावे.

एका सहकाऱ्याने मला वेड्यात काढले. तो म्हणाला, “यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणायला लावलंस तर मुलांचा त्याच्यावरचा विश्वास उडेल. आणि सगळी तुझ्याकडे येतील.” दुसरी गोष्ट त्याची अगदी खरी ठरली. दार पूर्वीपेक्षा जास्त वाजू लागले. दहापैकी आठ वेळा काही विशेष नसे. यंत्राचा व्यवस्थापक नुसता गुंतलेला असे आणि थोड्या वेळात उत्तर येई. विनाकारण उठावे लागले याचा मला त्रास व्हायचा, नाही असे नाही. निवृत्त होईपर्यंत तो त्रास चालू होता.

पहिल्या गोष्टीबद्दल मात्र त्याचा अंदाज चुकला. मुलांचा विश्वास उडाला नाही. ‘माहीत नाही’ म्हणणारे यंत्र जेव्हा ‘रांगेत’ म्हणते, तेव्हा ते खरेच रांगेत असते, हे मुलांच्या लवकर लक्षात आले. मग ती निर्धास्तपणे दुसऱ्या कामाला लागत.

एका पावसाळी रात्री साडेनऊला असेच दार वाजले. एक मुलगा छत्री गळत उभा. घरी कन्नड बोलणारा, माझ्याशी मराठीत बोलायचा. म्हणाला, “सर, एक तास झाला, ‘गोत्तिल्ल’ म्हणायला लागलंय ते. जरा येता काय?”

मी उठलो आणि खुंटीवरचा सदरा घातला.